कागदी रिलीज

पहिला दगड खिडकीच्या जाळीला लागून बाहेरच पडला. दुसऱ्याने काच फोडली.

काचेचा चुरा कीबोर्डवर सांडला, तरी ताई खिडकीपासून हलली नाही. जाळीपलीकडे, विटांच्या ढिगाशी दहा-बारा माणसं कोंडाळं करून उभी होती आणि कोंडाळ्याच्या मध्ये तिचा दीर पडला होता. पायांच्या फटीतून त्याचं नारिंगी जाकीट दिसत होतं. लाथ बसली की जाकीट जागचं सरकायचं आणि पुन्हा गप्प व्हायचं. तो ओरडत नव्हता. हात डोक्यावर, गुडघे पोटाशी. शाळेत असताना थोरल्या भावाचा मार खातानाही तो असंच मुटकुळं करायचा.

"ताई, खाली बसा. डोळा जाईल एखादा," मॅनेजर म्हणाला. त्याने साइट ऑफिसच्या कंटेनरच्या दाराला आतून कडी घातली होती आणि कडीवर भरवसा नसल्यासारखं फायलींचं लोखंडी कपाट ओढून दाराला लावलं होतं. एवढं जड कपाट त्याने एकट्याने कसं हलवलं, कोण जाणे.

"सर, मारून टाकतील ते त्याला."

"पोलिसांना फोन केलाय मी. निघालेत." तो जमिनीवर टेबलाच्या आडोशाला बसला होता. तिथूनच त्याने संगणकाकडे बोट केलं. "ते येण्याआधी एक काम करा. टप्पा चार मागे घ्या. राखाडी करून टाका."

पडद्यावर धूळ बसली होती. धुळीखाली चौथ्या टप्प्याची पट्टी हिरवीगार होती.

जुना छापखाना पाडायचं ते काम होतं. तीन मजली, जाड भिंतींची इमारत, एका अंगाला रहदारीचा रस्ता. पाडायचं म्हणजे घण उचलायचा आणि घालायचा, असं लोकांना वाटतं. पण पाडण्यालाही बांधण्याइतकाच क्रम लागतो. आधी वीज-पाणी तोडायचं, मग दारं-खिडक्या उतरवायच्या. तिसरा टप्पा टेकूंचा: रस्त्याकडची भिंत बाहेर कोसळू नये म्हणून तिला आतून लोखंडी टेकू द्यायचे. ते झाल्यावर चौथा. मधली मोठी भिंत मशीनने फोडायची.

हे सगळे टप्पे ताईच्या संगणकावर सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक पट्ट्यांनी मांडलेले होते. ज्याची वेळ आली नाही तो राखाडी. ताईने रिलीज केला की हिरवा. हिरवा झाला की त्या कामावरच्या सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजायचे आणि लागणारे डंपर, भाड्याच्या मशिनी, सगळ्याच्या ऑर्डरी आपोआप जायच्या.

घोळ होता तो इथे. डंपर पुष्कळ आधी सांगून ठेवले नाहीत तर मिळत नसत, आणि टप्पा रिलीज केल्याशिवाय सांगता येत नसत. 'सामान मागवा' वेगळं आणि 'कामाला लागा' वेगळं, हे सॉफ्टवेअरला कळत नव्हतं. त्याला हिरवा म्हणजे हिरवा. शिवाय मुख्य ऑफिसात दर महिन्याच्या बैठकीत ह्याच पट्ट्या भिंतीवर मोठ्या करून दाखवत. ज्याच्या साइटवर हिरवं जास्त, त्याची मान ताठ. आधीचा टप्पा पुरा नसेल तर पुढचा सुटू नये असं कुलूप सॉफ्टवेअरमध्ये होतं. त्याची किल्ली मॅनेजरची. पण मॅनेजरचा पाय साइटवर ठरत नसे, म्हणून ती किल्ली त्याने ताईच्याच हाती देऊन ठेवली होती.

मग साइटने आपली वाट काढली. पट्टी हिरवी करायची, मोबाईल वाजू द्यायचे आणि कुणी हलायचं नाही. ह्याला म्हणायचे कागदी रिलीज. खरं काय ते कळायला कंटेनरच्या खिडकीशी यायचं.

"ताई, सुटला का?"

"अजून कागदावरच."

आणि ज्या दिवशी ताई मान वर करून "सुटला, लागा कामाला" म्हणेल, त्या दिवशी तो सुटला. मोबाईलचं खोटं, ताईच्या तोंडचं खरं. एवढ्यावर ही साइट चालली होती. आधीची साइटही अशीच चालली होती आणि त्याच्या आधीचीही. कुणाच्या नखाला धक्का लागला नव्हता.

टेकूवाल्यांत एक शिट्टी होता. काम करताना अखंड शिट्टी वाजवायचा म्हणून शिट्टी. कुठलं गाणं ते कुणालाच ओळखू येत नसे. तो खिडकीशी आला की नुसतं विचारून जात नसे.

"ताई, तुमचा तो मोबाईल अगदी माझ्या बायकोसारखा आहे. सारखा वाजतो. दर वेळी मनावर घेतलं तर माणूस जगायचा नाही."

"सांगू का तिला?"

"नको हो. मुकादमाची बहीण आहे ती. उद्या मलाच टेकू द्यावा लागेल."

मुकादम मागून ओरडायचा, "मेहुण्या, तोंड बंद आणि हात चालू ठेव!" शिट्टीचं तोंड बंद व्हायचं ते पुन्हा शिट्टी वाजवण्यापुरतं.

एकच माणूस खिडकीशी कधी येत नसे. तो म्हणजे ताईचा दीर. भिंती फोडायचं मशीन तो चालवायचा. घरात धाकटा म्हणून साइटवरही धाकटाच. ताई लग्न होऊन आली तेव्हा तो दप्तर पाठीला लावून शाळेत जात होता. त्याच्या डब्यापासून पहिल्या दाढीच्या ब्लेडपर्यंत सगळं तिने पुरवलं. मशीनचं लायसन्स काढायलाही तीच बरोबर गेली होती आणि ह्या कामावर त्याला चिकटवलाही तिनेच. "घरच्या माणसाने खिडकीत उभं राहून काय विचारायचं? शोभतं का?" असं त्याचं म्हणणं. ते खरंही होतं. रोज सकाळी स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून चहा पिताना, ती त्याला सांगायची.

"आज टप्पा तीनचा मोबाईल वाजेल. वाजू दे. कागदी आहे."

"बरं."

"दारं-खिडक्या उतरल्या की मग खरा. उद्या-परवा."

"बरं म्हटलं ना, वहिनी. साखर दे."

साइटवरच्या सगळ्यांसाठी खिडकी होती. धाकट्यासाठी चहा होता.

त्या दिवशी चहा झाला नाही. आदल्या संध्याकाळी मशीनचा तेलाचा पाइप फुटला होता. तो बदलायचा म्हणून धाकटा उजाडताच, तोंडावर पाणी मारून, तसाच निघून गेला. सासूबाई त्याच्या मागे ओरडल्या, "अरे, घोटभर तरी पी!" तो जिन्यातूनच म्हणाला, "तिथे पितो." ताईने ते ऐकलं. ती तेव्हा नवऱ्याच्या दुकानाच्या किल्ल्या शोधत होती. शिलाई मशीन दुरुस्त करणारा तो माणूस जगातला कुठलाही स्क्रू हुडकून काढायचा; स्वतःच्या किल्ल्या तेवढ्या त्याला कधी सापडत नसत.

ती कंटेनरमध्ये येऊन बसते न बसते तोच मॅनेजरचा फोन आला. तो वाटेतच होता.

"ताई, आज बैठक आहे. काल बोललो तसा चार नंबर हिरवा करून टाका, मी पोचायच्या आत."

"सर, टेकू निम्मेसुद्धा लागले नाहीत. माणसं अजून भिंतीखालीच आहेत."

"मग काय झालं? कागदी हो. नेहमीसारखं. डंपरही बुक होतील त्यात."

तिने कुलूप उघडलं आणि बटण दाबलं. पट्टी हिरवी झाली. बाहेर एकामागून एक मोबाईल वाजले. टेकूवाल्यांचे मोबाईल कपड्यांच्या खुंटीवर पिशवीत लटकत होते. ते वाजले तसे कुणीतरी हसून म्हणाल्याचंही तिला ऐकू आलं, "कागदी असेल, लाव रे तो जॅक." शिट्टीची शिट्टी थांबलीसुद्धा नाही. मशीनच्या केबिनमध्ये धाकट्याचा मोबाईल वाजला तो तिला ऐकू आला नाही. मशीन घरघरत होतं. ते सकाळपासून मागच्या बाजूचा जुना चौथरा फोडत होतं, त्यामुळे त्या आवाजाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

थोड्या वेळाने मॅनेजर आला, लॅपटॉप उघडून बैठकीला बसला. चहावाला पोरगा कपबशी ठेवून गेला. ताईने कप उचलला, पहिला घोट घेतला आणि तिच्या जिभेला जे कळलं ते डोक्याला कळायला एक क्षण लागला. आजचा हा पहिला चहा.

म्हणजे त्याला सांगितलंच नव्हतं.

तिने कप ठेवला. तो बशीत पडला की बाहेर, तिला पुढे कधी आठवलं नाही. ती दारापर्यंत पोचली तेव्हा मशीनचा भोंगा दोनदा वाजला. धाकटा भोंगा वाजवल्याशिवाय भिंतीला हात लावत नसे. भिंतीपलीकडे, ताडपत्रीच्या आड असलेल्या टेकूवाल्यांनीही तो ऐकला असेल. पण चौथऱ्याच्या वेळीही तो असाच वाजला होता. मग भिंत आली.

आवाज नंतर आला, असं ताईला वाटत राहिलं. आधी पायाखालची जमीन हलली, मग मधल्या भिंतीचा माथा सावकाश, झोपेतला माणूस मान टाकतो तसा, टेकूवाल्यांच्या बाजूला कलला. निम्मे लागलेले टेकू काड्यांसारखे निसटले. त्यातला एक उडून समोरच्या पत्र्यात जाऊन रुतला. धुळीचा लोट कंटेनरवर येऊन आपटला आणि दिवसाढवळ्या काही दिसेना. त्या अंधारात माणसं एकमेकांना हाका मारत होती. ताई कान देऊन उभी राहिली. शिट्टी कुठे ऐकू येते का ते ती ऐकत होती.

चौघं-पाचजण धुळीतून खोकत, रक्ताळलेले बाहेर आले. शिट्टीला त्यांनी हातांनी विटा उपसून काढला. त्याच्या सदऱ्याची वरची बटणं नीट लावलेली होती. त्याखाली पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुकादमाने अंगातला सदरा काढून त्याच्यावर टाकला आणि मेहुण्याच्या कानातली माती करंगळीने काढली. मग तो उठला आणि मशीनकडे चालू लागला. बाकीचे त्याच्या मागे गेले.

धाकटा केबिनमध्ये तसाच बसून होता, दोन्ही हात दांड्यांवर. दार उघडायला लागू नये म्हणून की काय, त्यांनी पुढची काच फोडली आणि त्याला केसांना धरून काचेतून बाहेर ओढला.

"खिडकीत विचारलं होतंस का?" मुकादमाने पहिल्यांदा एवढंच विचारलं. "बोल. ताईला विचारलं होतंस?"

धाकट्याने हात डोक्यावर घेतले.

पहिला ठोसा तोंडावर बसला. दुसरा कुणाचा ते कळलं नाही. मग जॅकची दांडी आली. गुडघ्यावर बसली तेव्हा जो आवाज झाला तो कंटेनरपर्यंत ऐकू गेला.

"सगळी साइट विचारते! तुला काय शिंगं फुटलीत?"

'वहिनीने सांगितलं नाही,' एवढे तीन शब्द तो बोलला असता तर निम्मी माणसं कंटेनरकडे वळली असती. तो दात आवळून राहिला. थोड्या वेळाने त्याला आवळताही येईनात. जबडा एका बाजूला लोंबू लागला होता. तेवढ्यात मॅनेजरने ताईला दंडाला धरून आत ओढलं आणि कडी लावली. साहेब लपतोय हे पाहून कुणीतरी कंटेनरवर दगड भिरकावला.

"ऐकताय ना?" मॅनेजर टेबलाखालून म्हणाला. बैठकीचा लॅपटॉप उघडाच होता. त्यातून कुणीतरी "हॅलो, आवाज येत नाहीये तुमचा" असं म्हणत होतं. त्याने हात लांबवून झाकण आपटलं. "मागे घ्या तो टप्पा. वर बोलून मी मागचं सगळं पुसायला लावतो. आपण सोडलाच नव्हता. त्याने आपल्या मनाने मशीन घातलं."

"मोबाईल सगळ्यांचे वाजलेत."

"ते रोज वाजतात! त्यांचा नियम काय? खिडकीत विचारायचं. त्याने विचारलं नाही. खोटं काय आहे ह्यात?"

ह्यात खोटं काहीच नव्हतं. 

"तुमचाच दीर आहे," मॅनेजर आता समजुतीच्या सुरात आला. "तो काही तुमचं नाव घ्यायचा नाही. घेतलं का आतापर्यंत? बघताय ना. घरातल्या घरात मिटेल. आपलेच दात, आपलेच ओठ. तुम्ही आत गेलात तर घर कोण चालवणार? विचार करा."

बाहेर कुणीतरी कंटेनरच्या पत्र्यावर लोखंड घातलं. सगळा कंटेनर डब्यासारखा वाजला. ताईने खिडकीतून पाहिलं. नारिंगी जाकीट आता लाथ बसली तरी सरकत नव्हतं.

तिने माऊस हातात घेतला. मॅनेजरने सुटकेचा श्वास सोडला. तिने फक्त पडद्यावरची धूळ तळहाताने पुसली. पट्टी आणखीच हिरवी दिसू लागली. तिने ती तशीच ठेवली आणि कपाटाला खांदा लावला.

"ताई! अहो, काय करताय? वेड लागलंय का?"

"तुम्ही मागून लावून घ्या," ती म्हणाली.

कपाट तिला फारसं हलेना. फटीपुरतं हललं. कडी काढून त्या फटीतून ती आडवी होऊन बाहेर पडली, तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलवटली. मागे कडी पुन्हा लागल्याचा आवाज आला.

कोंडाळ्यापर्यंतचं अंतर तिचं रोजचं होतं. ती धावली नाही. धावली असती तर कुणीतरी तिला अडवलं असतं. ती रोजच्यासारखी चालत गेली आणि रोजच्यासारखीच माणसांनी तिला वाट दिली. ताई येतेय म्हटल्यावर हात आपसूक थांबले.

धाकट्याचा एक डोळा मिटला होता. दुसऱ्याने त्याने तिला पाहिलं आणि मान हलवली. नको, अशी. तेवढी मान हलवायलाही त्याला फार कष्ट पडले.

"टप्पा मी सोडला होता," ताई म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. मुकादम म्हणाला, "ताई, तू बाजूला हो. तू रोजच सोडतेस. ह्याने विचारलं नाही."

"तो कधीच विचारत नाही. त्याला मी घरी सांगते. सकाळी. आज सांगितलं नाही."

"म्हणजे?"

"कागदी आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं खराच सुटलाय. मी सोडलाय म्हणजे खरा, एवढंच त्याला ठाऊक. सांगायचं काम माझं होतं. ते मी विसरले."

मुकादमाच्या हातात जॅकची दांडी होती.  त्याच्या उघड्या छातीवर मेहुण्याचं रक्त वाळून काळं पडत चाललं होतं. "विसरलीस," तो म्हणाला. मग पुन्हा, जणू ह्या शब्दाचा अर्थ कुणी सांगेल का म्हणून, आजूबाजूला बघत म्हणाला, "विसरली म्हणते."

त्याने दांडी टाकली आणि हाताने मारलं. उलट्या हाताने, सगळी ताकद लावून. ताई विटांवर पडली. तोंडात काहीतरी खळकन वाजलं. ती उठून बसली, तळहातावर थुंकली. रक्तात दोन दात होते. ते कुठे ठेवावेत हे न कळून तिने मूठ मिटली.

धाकटा सरपटत आला. मोडका गुडघा मागे ओढत, नखांनी माती धरत तो आला आणि तिच्या पायांवर आडवा पडला. आता मारायचं तर आधी त्याला मारावं लागलं असतं. पण कुणी पुढे झालं नाही.

"तुला कुणी सांगितलं सोडायला?" मुकादमाने विचारलं. आवाज उतरला होता आणि म्हणूनच जास्त भीती वाटत होती. "तुझ्या मनाने तू सोडत नाहीस. माणसं खाली असताना नाही. कुणी सांगितलं?"

दहा-बारा माणसांच्या नजरा कंटेनरकडे वळल्या. फुटक्या खिडकीत कुणी दिसत नव्हतं. कुणीतरी वाकून मुकादमाने टाकलेली दांडी उचलली.

 ओठ सुजून शब्द पसरट होत होते. "ते मी पोलिसांना सांगेन."

"आम्हाला सांग!"

"तुम्हाला नाही. एक गेला. हा अर्धा गेलाय. आणखी एक माणूस मी तुमच्या हातात देणार नाही."

"माझी बहीण घरी बसलीय, ताई! तिला काय सांगू मी? कागदी होता म्हणू?"

 मुकादमाने पुन्हा हात उचलला. ताईने मान खाली घातली नाही, डोळे मात्र मिटले. दुसरा फटका कानाखाली बसला. त्यानंतर त्या कानाने तिला बराच काळ फक्त एक बारीक आवाज ऐकू येत राहिला, लांबून कुणी शिट्टी वाजवावी तसा. डोळे उघडले तेव्हा मुकादम विटांच्या ढिगावर बसला होता. आपला तळहात उलटासुलटा करून बघत होता आणि रडत होता. फाटकाशी पोलिसांची गाडी वळत होती.

पोलिसांना तिने सगळं सांगितलं. कुणी फोन केला, काय म्हणाला, कडी लावून काय करायला सांगितलं, स्वतः काय विसरली. तिचंही नाव कागदात आलं. मॅनेजरला नेलं, आणि नंतर सोडलं. खटला उभा राहणार होता. कामावरून तिला आधीच काढलं होतं. कारण काय दाखवलं तर सॉफ्टवेअरच्या किल्लीचा गैरवापर.

शिट्टीच्या घरी ती गेली. दार मुकादमानेच उघडलं. त्याने तिचं तोंड पाहिलं आणि दारातून बाजूला झाला. आत त्याची बहीण भिंतीला पाठ लावून बसली होती.  ताई थोडा वेळ बसली आणि उठून आली.

इस्पितळात धाकट्याचा जबडा तारेने बांधला होता. गुडघ्यात सळई घातली होती. त्याला नळीने पातळ जे काही देता येईल ते सासूबाई देत. नवरा दुकान बंद करून रोज येई, खाटेच्या पायथ्याशी उभा राही. एक दिवस तो हळूच म्हणाला, "तू बाहेर जायलाच हवं होतं का? पोलीस येतच होते. नुसती गप्प बसली असतीस तरी..."

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. "मग आज मी इथे नळी धरून बसले नसते," त्या म्हणाल्या. "तो अंगणात झोपला असता, चादर ओढून. तुझ्या किल्ल्या तुला सापडत नाहीत, तू नको शहाणपण शिकवू." आणि सुनेकडे न बघता, "तोंड उघड. बघू. अजून सूज आहे. मिठाच्या पाण्याने चुळा भरल्यास का?"

"भरल्या."

"खोटं बोलतेस. जा, भरून ये."

असेच दिवस चालले होते. साइट बंद होती, मग चालू झाल्याचं कानावर आलं. उरलेल्या भिंतीसाठी टप्पे पुन्हा पहिल्यापासून मांडले होते म्हणे. नवा मॅनेजर, टेकूवाली नवी टोळी, मशीनवर नवा माणूस, ताईच्या खुर्चीतही कुणी नवा. पण धाकट्याचं नाव कामावरच्या यादीतून काढायचं कुणाला सुचलं नसावं.

दुपारची वेळ होती. ताई खाटेशी स्टुलावर बसली होती. धाकट्याचा मोबाईल उशाशी ठेवलेला होता. काच तडकली होती, तरी चालत होता. तो वाजला. ओळखीचा आवाज, तीनदा तुटक. दोघांनीही एकदमच तिकडे पाहिलं. तडकलेल्या काचेत अक्षरं उमटली: टप्पा चार, रिलीज.

धाकट्याने मोबाईल हातात घेतला.  मग त्याने तो वहिनीसमोर धरला. बांधलेल्या दातांमधून, ओठ न हलवता, शब्द चावत त्याने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच विचारत होता.

"सुटला का?"

ताईने त्याच्या हातातून मोबाईल घेतला. कंटेनरचा नंबर तिला पाठ होता. पलीकडे दोन-तीनदा घंटी वाजली, मग एका पुरुषाचा, कामात गढलेला आवाज आला.

"हां, प्लॅनिंग."

"आत्ता चार नंबर सोडलात तुम्ही," ती म्हणाली. पुढचे दात नव्हते, शब्दांतून वारा जात होता. "खिडकीतून बघा जरा. भिंतीखाली माणसं आहेत का?"

"काय? नीट बोला. कोण बोलतंय?"

तिने जीभ सावरली. एकेक शब्द वेगळा करून म्हणाली, "आधी खिडकीत जा. माणसं बघा. मग सांगते, कोण ते."

 पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज. फुटलेल्या काचेचा चुरा अजून कुणी नीट झाडला नसावा. खिडकीकडे जाणाऱ्या पावलांखाली तो करकरत होता. ताईने मोबाईल चांगल्या कानाला घट्ट धरला आणि वाट बघत राहिली.